मामा, तू गप्प बस

आमच्या वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त स्मरणिका काढायची नाही, असं कार्यकारिणीत एकमतानं ठरलं. अमृतमहोत्सवी स्मरणिकेचे गठ्ठे अजून माळ्यावर आहेत. पावसाळ्यात जिथं गळतं तिथं ते सरकवले जातात. एवढा उपयोग सोडला तर त्यांना हात लावलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यापेक्षा जुन्याजाणत्या मंडळींच्या मुलाखती कॅमेऱ्यावर घ्याव्यात, असं ठरलं. "हल्ली लोक वाचत नाहीत, बघतात," चिटणीस म्हणाले. वाचनालयाच्या चिटणिसांचं हे वाक्य इतिवृत्तात गेलंही.

मुलाखती घ्यायच्या कुणी, हा विषय निघाल्यावर मात्र सगळे आपापल्या चहाच्या कपात बघू लागले. शेवटी अध्यक्षांनी मला विचारलं, "तुमच्याकडे ते तीन पायांचं स्टँड आहे ना?" लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर योगासनं बघायला घेतलेला ट्रायपॉड माझ्याकडे होता. माझी निवड झाली.

"अहो, पण मला त्यातलं काही कळत नाही."

"त्यात कळायचंय काय? दिल्लीत १९५९ साली दूरदर्शन सुरू झालं, त्या सुरुवातीच्या काळात नेहरूंची मुलाखत घेणारा माणूस कोण? पु. ल. देशपांडे! आपल्या रक्तातच आहे ते."

माझ्या रक्तात साखर तेवढी निघाली होती, पण सभेत तब्येतीचं काढणं बरं दिसलं नसतं. शिवाय मनातून मलाही वाटत होतंच. सुधीर गाडगीळांना मुलाखत घेताना प्रेक्षकांत बसून पाहिलेलं होतं. समोरचा पाहुणा कसा आपोआप खुलत जातो! दोन खुर्च्या, मधे टीपॉय, टीपॉयवर फुलदाणी. एवढ्या सामानात आपल्यालाही जमायला हरकत नव्हती. फुलदाणी घरात होती.

माझी भाची पुण्याला जर्नालिझम शिकते आणि मे महिन्यात आंबे खायला आमच्याकडे येते. कॅमेरा तिचा, कॉलर माइक तिचा, हेडफोन तिचा. फुलदाणी तिनं बघताक्षणी बाद केली आणि माझी प्रश्नांची वही मागितली. पहिला प्रश्न मी असा काढला होता : 'आपलं बालपण, आपली जडणघडण, वाचनालयाशी जुळलेला आपला ऋणानुबंध आणि आजच्या तरुण पिढीला आपण काय संदेश द्याल, याविषयी थोडक्यात सांगा.'

"हे चार प्रश्न झाले, मामा."

"मग?"

"माणूस त्यातल्या शेवटच्याचंच उत्तर देतो. तुला घरोघरी नुसते संदेश मिळतील."

तिचं खरं होतं. आमच्या गावात वर्गणीला नाही म्हणणारे पुष्कळ आहेत, संदेशाला कुणीच नाही म्हणत नाही.

मग तिनं नियम सांगितले. खिडकीकडे पाठ करून कुणाला बसवायचं नाही, चेहरा काळा पडतो. अंगात बारीक चौकडीचा शर्ट नको. पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर. पाहुण्यानं कॅमेऱ्यात बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं. म्हणून मी कॅमेऱ्याला खेटून बसायचं. माझे प्रश्न नंतर कापले जाणार, तेव्हा पाहुण्यानं प्रश्न आपल्या उत्तरात गुंफून घ्यायचा.

"आणि मामा, तू गप्प बस."

"अगं, मुलाखत मी घेतोय ना?"

"प्रश्न विचार आणि गप्प बस."

पहिला मान अर्थातच वाचनालयाच्या माजी अध्यक्षांचा. हे आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर, सगळ्या गावाचे सर. सर बारीक चौकडीचा नवा शर्ट घालून, कडक इस्त्रीत बसले होते. भाचीनं स्क्रीनवर दाखवलं, तर सर स्थिर आणि शर्टावरून रंगीत लाटा फिरताहेत.

"सर, दुसरा एखादा शर्ट घालता का?"

"हाच राहील. मुलीनं पाठवलाय. ती बघणार आहे."

मग लाटांसकट पुढे गेलो. मी सरांना सांगितलं, "माझा प्रश्न तुमच्या उत्तरात आला पाहिजे." सरांचा चेहरा उजळला. 'संपूर्ण वाक्यात उत्तरे लिहा' हे सांगण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आज प्रथमच कुणीतरी ते त्यांना सांगत होतं. मी विचारलं, वाचनालयाशी संबंध केव्हा आला? सर खाकरले. "माझा वाचनालयाशी संबंध केव्हा आला, असे आपण विचारले आहे. माझा वाचनालयाशी संबंध मी इयत्ता सातवीत असताना आला." आणि ते थांबले. गुण मिळेपर्यंत पुढचं उत्तर द्यायचं नाही, असा त्यांचा एकूण पवित्रा दिसला.

हळूहळू सर रंगात आले. मीही आलो. तासाभरानं भाचीनं माझ्या कानाला हेडफोन लावला. सर म्हणत होते, "त्या काळी गावात वीज नव्हती." आणि त्यांच्या प्रत्येक शब्दाखालून कुणीतरी म्हणत होतं, "हं… हं… हो का… अरेरे… बरोबर… वा… काय सांगता!" तो मी होतो. सर कंदिलाबद्दल सांगत होते तिथंही "वा" होतं आणि संस्थापक वारले तिथंही एक "वा" निसटलेलं होतं.

"हे काढता नाही का येणार?"

"तुझा आवाज सरांच्या आवाजावर बसलाय, मामा. तुला काढलं तर सर पण जातील."

आता यात माझा काय दोष? आपल्याकडे हुंकार दिल्याशिवाय आजी गोष्ट पुढे सांगत नाही. फोनवर दोन क्षण गप्प राहिलं तर पलीकडचा "हॅलो, आहेस का?" म्हणून ओरडतो. जन्मभर अंगी बाणवलेला शिष्टाचार मुलाखतकारानं घराबाहेर चपलांजवळ सोडून यायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भाचीनं तोडगा काढला : तोंड बंद, नुसती मान हलव. मी मान हलवायला लागलो, तसे सर वाक्याच्या मध्येच थांबले. "काय झालं? पटत नाही का?"

शिवाय सरांची नजर ठरत नव्हती. क्षणात माझ्याकडे, क्षणात कॅमेऱ्याकडे, क्षणात स्वयंपाकघराकडे. भाची म्हणाली, एरॉल मॉरिस म्हणून एक अमेरिकन दिग्दर्शक आहे. तो टेलिप्रॉम्प्टरच्या काचांची अशी जोडणी करतो की पाहुण्याला कॅमेऱ्याच्या भिंगाच्या जागी मुलाखतकाराचा चेहरा दिसतो. पाहुणा बोलतो चेहऱ्याशी, पण बघतो थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत. अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांना त्यानं याच जोडणीनं बोलतं केलं, आणि त्या 'द फॉग ऑफ वॉर'ला ऑस्कर मिळालं. आमच्याकडे टेलिप्रॉम्प्टर नव्हता. तिनं कॅमेऱ्याच्या डोक्यावर टॅब बांधला आणि मला व्हिडिओ कॉलवर घेतलं.

टॅबवर माझा चेहरा उगवताच सर खुर्चीत पुढे सरकले आणि गरजले, "हॅलो! येतोय का आवाज?"

"सर, मी इथंच आहे." मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो.

"इथं म्हणजे कुठं? पोचलात का?"

आवाज ऐकून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पदराला हात पुसत बाहेर आल्या, टॅबसमोर वाकल्या आणि "घरचे सगळे बरे ना?" म्हणून माझी चौकशी करून गेल्या. मॅक्नमारांच्या घरी असं काही झालं नसावं.

पंखा बंद केला की आपल्याला दोन गोष्टी कळतात. एक, मे महिना म्हणजे काय. दुसरी, गावाला केवढा आवाज आहे. घंटागाडी तिचं गाणं लावून आली आणि कुणीतरी कचरा आणायला विसरलं म्हणून तिथंच थांबली. भंगारवाल्याच्या रेकॉर्डिंगचा भोंगा आला. कुकरनं शिट्ट्या दिल्या. भाची दर वेळी हात वर करायची, सर थांबायचे आणि पुन्हा "असे आपण विचारले आहे" पासून सुरू करायचे. माझी उमेद खचलेली पाहून तिनं मला डेव्हिड फ्रॉस्ट या टीव्ही मुलाखतकाराची हकिकत सांगितली. १९७७ साली त्यानं अमेरिकेचे माजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या ज्या गाजलेल्या मुलाखती घेतल्या, त्या खरं तर निक्सनच्या सॅन क्लेमेंटेच्या घरीच घ्यायच्या होत्या. पण शेजारी तटरक्षक दलाची रेडिओ यंत्रणा होती आणि तिचा चित्रीकरणाला त्रास होईल म्हणून दुसरं घर शोधावं लागलं. मला फार बरं वाटलं. निक्सनला तटरक्षक दल, आम्हाला घंटागाडी.

त्या रात्री मी फ्रॉस्टचा अभ्यास केला. १२ दिवस, २८ तासांहून जास्त चित्रीकरण, आणि निक्सनला ६ लाख डॉलर. आम्ही सरांना शाल-श्रीफळ देणार होतो, तेही अध्यक्षांचं भाषण ऐकल्यानंतर. पण एक गोष्ट मला भलतीच आवडली. निक्सनची खुर्ची घालवणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाच्या ऐन मोक्याला फ्रॉस्टनं हातातला क्लिपबोर्ड खाली टाकून दिला, आणि पुढे निक्सननं आपण अमेरिकन जनतेला तोंडघशी पाडल्याचं कबूल केलं. याला म्हणतात मुलाखत!

आमच्याकडेही एक वॉटरगेट होतंच. सर अध्यक्ष असताना वाचनालयातलं रहस्यकथांचं कपाट कुलूपबंद झालं होतं. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड, धनंजय ही सगळी मंडळी आत, आणि आम्ही पोरं बाहेर काचेला नाक लावून. दुसऱ्या बैठकीत मी नेमका तोच प्रश्न काढला. सर म्हणाले, "रहस्यकथांचे कपाट कुलूपबंद का केले, असे आपण विचारले आहे. विद्यार्थ्यांच्या हितासाठी." आता मोका आला होता. मी सरांच्या डोळ्यांत रोखून बघितलं आणि हातातलं परीक्षेचं पॅड झोकात सोडून दिलं. ते काकूंनी नुकत्याच आणून ठेवलेल्या पोह्यांच्या डिशवर पडलं. डिशनं टीपॉय सोडला.

सर म्हणाले, "ते आधी उचला. वस्तू टाकायची नसते."

मी जमिनीवरचे पोहे वेचतानाचं चित्रीकरण भाचीकडे आहे. ती ते पुसायला तयार नाही.

फ्रिजचंही सांगायला हवं. चित्रीकरणासाठी फ्रिज बंद करताना गाडीची चावी त्यात ठेवायची, ही भाचीच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. निघताना चावी सापडत नाही, मग फ्रिज आठवतो, तो चालू करून माणूस घरी जातो. युक्तीत खोट काहीच नाही. फक्त आम्ही गेलो होतो भाचीच्या स्कूटरवर, आणि आत ठेवली होती माझ्या मोटरसायकलची चावी, जी मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लागलीच नाही. तोवर काकूंनी पावसाळ्यासाठी डबे भरून गोठवलेला आमरस पातळ होऊन, फसफसून झाकणाबाहेर आला होता. काकूंनी चावी पाठवून दिली. निरोप काही पाठवला नाही, आणि तेच वाईट.

एडिटिंगच्या वेळी आणखी एक उजेड पडला. दुसऱ्या बैठकीत माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून मी खुर्ची उचलून कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवली होती. दोघांना जोडणारी एक रेघ कल्पायची आणि कॅमेऱ्यानं ती ओलांडायची नाही, असा म्हणे नियम असतो. मी खुर्ची हलवून ती रेघच फिरवली. परिणामी पडद्यावर सर आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. एसटीत पुढच्यामागच्या सीटवर बसल्यासारखे दोघंही एकाच दिशेला बघत होतो.

दुसरे पाहुणे वाचनालयाचे बाइंडर. वाचनालयाच्या मागच्या दाराला लागून त्यांची खोली. खळीचं पातेलं, त्यात कसर लागू नये म्हणून घातलेलं मोरचूद, पुठ्ठ्यांची चळत, उशाला दाभण टोचलेली दोऱ्याची गुंडी. इथं मी सगळा जीव ओतून प्रश्न विचारला : "या अंधाऱ्या खोलीत, तुटपुंज्या मिळकतीत, खळीच्या वासात, फाटलेल्या पुस्तकांची जुजं जुळवत, बोटांना दाभण टोचून घेत, निव्वळ ग्रंथप्रेमापोटी आपण हे आयुष्य काढलंत आणि त्याचं आज समाधान वाटतं, नाही का?"

ते म्हणाले, "हो."

मी वाट पाहिली. त्यांनीही पाहिली.

"मग पुन्हा जन्म मिळाला तर हेच काम कराल?"

"नाही."

भाचीनं मला बाजूला घेतलं. "मामा, उत्तर तूच देतोयस, ते नुसती सही करताहेत." मग तिनं काय केलं, तर मी घरून नेलेली एक फाटकी कादंबरी त्यांच्या हातात दिली आणि गप्प उभी राहिली. त्यांनी कणा चाचपला, पानं झटकली, नाक लावून वास घेतला आणि म्हणाले, "ही शिवलेलीच नाही, नुसती डकवलीय." आणि बोलायला लागले. हातात पुस्तक असताना हा माणूस थांबेना. रहस्यकथेचं शेवटचं पान सगळ्यांत आधी का फाटतं, ओली बोटं लावणारे वाचक कोण, पानात खूण म्हणून मेथीची काडी ठेवणाऱ्या बाई कोण. मी जीभ दाताखाली धरून बसलो होतो.

शेवटी भाचीनं कॅमेरा बंद केला. ते हात पुसत म्हणाले, "झालं ना बंद? मग आता खरं सांगतो." आणि हळूच म्हणाले, "त्या कुलपाची एक किल्ली सरांकडंच असायची. रात्री मागच्या दारानं यायचे. झुंजारला मराठी व्याकरणाचा पुठ्ठा घालून मागायचे. मी घालून द्यायचो."

कॅमेरा बंद होता, पण कॉलर माइक त्यांच्या शर्टाला तसाच होता आणि चालू होता. मी आनंदानं उडीच मारणार होतो. भाचीनं मात्र ते त्यांना ऐकवलं आणि विचारलं, हे वापरू का? ते म्हणाले, "माझ्या तोंडचं नको. सरांना विचारा. ते स्वतः म्हणाले तर ठेवा."

त्यानंतर माझे मान हलवण्याचे शॉट घ्यायचे होते. एडिटिंगमध्ये मधे मधे टाकायला ते लागतात आणि पाहुणा उठून गेल्यावर घेतले तरी चालतात. तर बाइंडर चहाला गेले आणि मी त्यांच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून गंभीरपणे मान हलवू लागलो, हसलो, थक्क झालो, सद्गदित झालो. दारात पंचांग शिवायला आलेले एक गृहस्थ उभे होते. ते थोडा वेळ स्टुलाकडे आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, आणि पंचांग न देताच निघून गेले.

तिसऱ्या पाहुण्या आजी. वाचनालयाच्या पहिल्या महिला ग्रंथपाल. आता त्यांना नव्वदी खुणावतेय, पण गावातला माणूस त्या अजून सभासद क्रमांकानं ओळखतात. मला बघून म्हणाल्या, "एकशे सदतीस ना रे तू?" कॉलर माइकला नऊवारीत कॉलर मिळेना, म्हणून तो पदराला लावला. आजी दर वाक्याला पदर सारखा करायच्या आणि भाची दर वाक्याला हेडफोन कानावरून उचलायची. मी वही उघडली, आवंढा गिळला आणि छोटासा, एकच प्रश्न विचारायला तोंड उघडणार, एवढ्यात आजी म्हणाल्या,

"वाळलास रे. बरं आहे ना सगळं?"

"हो, आजी."

आणि आजी गप्प बसल्या. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. ना हुंकार, ना मान. त्या शांततेत मी म्हणालो की साखर जरा वाढलीय. आजी बघतच होत्या. मग मी म्हणालो की वरचा मजला बांधायला काढलं ते कर्ज अजून फिटायचंय. त्या बघतच. मग भावाशी वाटणीवरून झालेलं, प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले पैसे, बायकोला अजून न सांगितलेला त्यांचा आकडा. रेकॉर्डिंगमध्ये फ्रेमभर आजींचा शांत चेहरा आहे आणि बाहेरून माझा आवाज अखंड येतोय. मधे एकदाच आजी बोलल्या आहेत. "मग?" म्हणाल्या. त्यावर मी आणखी बराच वेळ बोललोय.

भाची तिथल्या तिथं म्हणाली, "मामा, सरांकडे आजींना घेऊन जाऊ."

सर त्या दिवशी पांढऱ्या शुभ्र सदऱ्यात होते. माझ्या खुर्चीत आजी बसल्या. मला स्वयंपाकघराच्या दारात, पंख्याच्या आणि फ्रिजच्या बटनांपाशी नेमण्यात आलं होतं. माझ्या मागे काकू उभ्या होत्या. आजींकडे वही नव्हती, पॅड नव्हतं.

"मास्तर," आजी म्हणाल्या, "झुंजार वाचायचात ना हो?"

आणि गप्प बसल्या.

सरांनी चष्मा काढला. पुसला. घातला. घंटागाडीसुद्धा आली नाही. मी तोंडावर हात दाबून धरला होता. बऱ्याच वेळानं सर खाकरले आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "मी झुंजार वाचत असे काय, असे आपण विचारले आहे. मी झुंजार… व्याकरणाच्या पुठ्ठ्यात वाचत असे."

आजी अजून गप्पच.

"काळापहाडही."

आजी पदर सारखा करून म्हणाल्या, "त्यातलं एक अजून जमा नाही. दंड काढून ठेवलाय मी."

सरांनी सगळे नियम मोडून थेट कॅमेऱ्यात बघितलं. "हे कापा."

भाची काही बोलायच्या आत माझ्या कानामागून काकूंचा आवाज आला. "एक अक्षर कापायचं नाही! मुलगी बघणार आहे. आणि तुम्ही हो, आधी तो फ्रिज चालू करा."